फक्कीच्या भिंती

"काकू, अहो साहेब आतच आहेत. जा ना सरळ, तुम्हाला कोण अडवतंय?" टेबलावरच्या मुलीने पुन्हा सांगितलं.

"नाही गं बाई. हे दोघं माझ्याआधी आलेत. त्यांचं होऊ दे, मग माझा नंबर," शिवणताई म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेऊन बाकावर आणखी ऐसपैस बसल्या.

मुलीने कपाळाला हात लावला. तिचंही खरंच होतं म्हणा. आत बसलेले साहेब म्हणजे शिवणताईंचे यजमान. सकाळी निघता निघता शर्टाचं बटण तुटलं म्हणून ज्या बाईने ते त्यांच्या अंगावरच शिवून दिलं, तीच बाई आता गिऱ्हाईक होऊन बाहेर नंबर लावून बसली होती. असलं काही त्या मुलीने जन्मात पाहिलं नव्हतं.

ऑफिस होतं माती तपासणीचं. घर बांधायचं तर माणसं नकाशा काढायच्या आधी इथे येत. साहेब जागेवर जात, जमिनीला भोकं पाडत, आतली माती काढून आणत, ती भिजवत, वाळवत, दाबत, आणि मग सांगत की ही जमीन घर पेलेल की नाही, आणि पेलायला तिला काय लागेल. सगळं आयुष्य त्यांनी हेच केलं. शहरात निम्मी घरं त्यांनी पाय ठेवल्यानंतर उभी राहिली होती. आणि ते स्वतः? भाड्याच्या दोन खोल्यांत, दुसऱ्या मजल्यावर.

म्हणजे जागा बघितल्या नाहीत असं नाही. उलट इतक्या बघितल्या की त्यांच्या लेकीला लहानपणी वाटायचं, प्लॉट म्हणजे सहलीला जायची जागा. रविवार आला की डबा घ्यायचा, चादर घ्यायची, कुठल्यातरी मोकळ्या जमिनीवर बसून जेवायचं आणि बाबांनी "नको" म्हटलं की घरी यायचं. एक जागा नाल्याच्या फार जवळ होती. एकीत पूर्वी विहीर होती, ती बुजवलेली. एका ठिकाणचं झाड जरा कललेलं दिसलं, म्हणजे खालची माती सरकत असणार. आणि एकदा तर कमाल झाली. जागेत काही म्हणता काही खोट निघेना. साहेब दिवसभर तिथे फिरले आणि संध्याकाळी म्हणाले, "इतकी चांगली आहे म्हणजे नक्की काहीतरी असणार. नको." आता अशा माणसापुढे बाईने काय करावं? शिवणताईंनी हात टेकले होते.

त्यांना तरी काय मोठा महाल हवा होता! शिवणाचं मशीन ठेवायला एक खोली, एवढंच. सध्या ते मशीन बोळात होतं, न्हाणीघराच्या दाराला लागून. घरात कुणाला आंघोळीला जायचं असलं की ताईंनी उठायचं, स्टूल सरकवायचं, मांडीवरचं कापड गोळा करायचं, आणि माणूस आत गेला की पुन्हा बसायचं. तो बाहेर आला की पुन्हा उठायचं. ओल्या पायांनी तो कापडावर पाय देणार नाही एवढं बघायचं. अख्खा संसार असा उठाबशा काढत झाला. आणि आता त्यांच्या डोळ्यांना संध्याकाळी सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. मोठी खिडकी असलेली खोली मिळायची तर ती आता मिळायला हवी होती. नंतर मिळून करायचं काय?

आणि जागा त्यांना सापडली होती. पाण्याच्या टाकीमागे, छोटीशीच, जरा उताराची. ताईंच्याच एका गिऱ्हाइकाची. त्याने शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर दुसरा माणूस तयारच होता. घरी विषय काढला असता तर उत्तर काय येणार हे ताईंना तोंडपाठ होतं. म्हणून तर त्या नवऱ्याला सोडून साहेबांकडे आल्या होत्या.

आत गेलेलं जोडपं नवं, कोवळं होतं. दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि साहेबांचा आवाज बाहेर येत होता. ताई सहज ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता सावरून बसल्या.

"अहो, घाबरता काय एवढे?" साहेब म्हणत होते. "भराव निघाला म्हणून जमीन टाकून द्यायची नसते. जमीन वाईट नसते हो. तिला काय हवंय ते विचारायचं आणि द्यायचं. मग ती तुम्हाला नातवंडांपर्यंत सांभाळते. घ्या जागा, खुशाल घ्या. पाया कसा घालायचा ते मी सांगतो."

ती दोघं हसत बाहेर पडली. ताईंनी आ वासला होता. हा आवाज त्यांच्या घरात कधी आला नव्हता. खुशाल घ्या म्हणे! ताईंनी पदर खोचावा तशी पर्स काखेत मारली आणि आत गेल्या.

"अगं, तू?" साहेब उभेच राहिले. "काय झालं? घरी सगळं ठीक ना?"

"नमस्कार, साहेब. एक जागा तपासून हवी होती. घर बांधायचंय."

साहेबांनी ताईंच्या मागे दाराकडे पाहिलं. तिथे टेबलावरची मुलगी आणि ऑफिसातली आणखी दोन डोकी गोळा झाली होती.

"हा काय पोरखेळ लावलायस?" साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "घरी बोलू आपण."

"घरी नाही बोलायचं. घरी तुम्ही नवरा असता. नवऱ्याचं मत मला पाठ आहे. मला साहेबांचं हवंय. बसू का?"

"बसा," साहेबांच्या तोंडून निघून गेलं, आणि दारातली डोकी फिस्सकन हसली.

ताईंनी जागा कुठे ते सांगितलं. साहेबांनी ऐकता ऐकताच मान हलवायला सुरुवात केली. "टाकीमागची? छे छे. तिथे काळी माती असणार. पावसात फुगणार, उन्हात आकसणार. खाली ओल असणार."

"असणार की आहे?"

'असणार' हा शब्द या ऑफिसात चालत नाही, हे तेच सगळ्यांना सांगत. मातीला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक. दारातली मुलगी तर तोंडावर ओढणी धरून उभी होती.

"बरं," साहेब शेवटी म्हणाले, "उद्या जागेवर भोकं पाडायचं मशीन लावतो."

"उपकार झाले, साहेब," ताई म्हणाल्या आणि तोऱ्यात बाहेर पडल्या. जिन्यात मात्र त्यांना इतकं हसू आलं की कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

त्या रात्री घरात मोठी मजा झाली. साहेब जागेबद्दल काही विचारू बघायचे आणि ताई म्हणायच्या, "ऑफिसच्या वेळेत बोला." लेकीचा फोन आला तेव्हा तिला सगळी हकीकत कळली आणि ती तिकडे खो खो हसत सुटली. "आई, तू ग्रेट आहेस. पण बाबा काहीतरी खोड काढतीलच बघ." ताईंनाही तीच धास्ती होती. त्यांनी ती हसण्याखाली दाबून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या जागेवर पोहोचल्या तेव्हा मशीन उभं होतं. मशीन म्हणजे तीन पायांची उंच लोखंडी घोडी. वरून एक जड वजन दोराने ओढायचं, सोडून द्यायचं, ते नळीच्या डोक्यावर आदळायचं आणि नळी जमिनीत शिरायची. मशीनवाले मामा म्हणजे साहेबांचे जुने सोबती. सगळेच त्यांना मामा म्हणत.

"या वहिनी!" मामा ओरडले. "आज गिऱ्हाईक म्हणून आलात म्हणे! मग नीट हिशेबाने वागा. साहेबांना रागावायचं नाही. आम्ही इथे त्यांना देव मानतो."

"माना की. घरी नेऊन ठेवा देव्हाऱ्यात. मला तरी जागा होईल."

मामा इतके हसले की दोर सुटता सुटता राहिला. साहेबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते उकिडवे बसून जमिनीकडे पाहत होते.

इतक्या वर्षांच्या संसारात ताई नवऱ्याच्या कामावर कधी आल्या नव्हत्या. त्यांनी पाहिलेला माणूस म्हणजे टॉवेल कुठे आहे म्हणून विचारणारा, चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधणारा. इथला माणूस निराळाच होता. नळी वर आली की तो आतली माती दोन्ही हातांनी अलगद काढून घेई, तान्हं मूल घ्यावं तशी. वास घेई. बोटांनी चुरडून बघे. मग थोडं पाणी घालून गोळा मळी आणि तळहातावर वळत वळत त्याचा लांब बारीक दोरा करी.

ताई नकळत जवळ गेल्या. दोरा म्हटलं की त्यांना राहवेना. "हे काय करता?"

"बघते आहेस... बघताय ना," साहेब म्हणाले. "असा दोरा वळता आला, तुटला नाही, की समजायचं माती चिकण आहे. ही फुगते. आणि दोरा होता होता भुगा झाला, तर माती साधी."

"मला करू द्या."

साहेबांनी गोळा त्यांच्या हातात ठेवला. ताईंनी वळला. दोरा आला चांगला टीचभर लांब, शिवणाच्या दोऱ्यासारखा एकसारखा. मामांनी "वा वहिनी!" केलं. साहेब त्या दोऱ्याकडे बघत राहिले. इतका छान दोरा ऑफिसात कुणाला जमत नव्हता, पण चांगला दोरा म्हणजे वाईट बातमी. बिचाऱ्यांना कौतुक करावं की तोंड पाडावं तेच कळेना.

काम सुरू होतं. जागेच्या वरच्या अंगाला नळी थोडी आत गेली आणि ठण्णकन वाजली. वजन उसळून परत आलं. खडक! ताईंनी टाळी वाजवली. मग घोडी खालच्या अंगाला नेली, आणि तिथे नळी नुसती जात राहिली, खाली, आणखी खाली, लोण्यात सुरी जावी तशी. मामा वर पाहीनात. साहेबांचा चेहरा मात्र उजळला. आता बोला! वाईट निघाल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुणाला झाला नसता.

"मी म्हटलं नव्हतं? एका बाजूला खडक वर, दुसऱ्या बाजूला खोल. मधे काळी माती. ही सगळ्यात वाईट तऱ्हा. अर्धं घर खडकावर बसेल, अर्धं खचत राहील, आणि मधोमध उभा तडा. नको."

"झालं? ठरलं?"

"अजून एक भोक घेऊ. मामा, इकडे लावा."

तिसरं झालं. मग साहेबांनी चौथं कोपऱ्यात मागितलं. मग म्हणाले मधेही एक बघू. नेहमीच्या घराला दोन-तीन पुरत. मामांनी घाम पुसला आणि दोर खाली टाकला.

"साहेब, माफ करा, पण जमिनीची चाळणी करायची आहे का? पुढे घर नाही बांधता येणार हो, फक्त पीठ चाळता येईल."

ताई हसल्या नाहीत. त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "साहेब, एक विचारते. खरं सांगायचं. हीच जागा घेऊन कालचं ते जोडपं आलं असतं, तर त्यांना काय सांगितलं असतंत?"

साहेबांनी मातीचे हात झटकले. पुन्हा झटकले.

"त्यांना सांगितलं असतंत, खुशाल घ्या. मी कानांनी ऐकलंय. अख्ख्या गावाला खुशाल घ्या आणि मला नको? मी काय पाप केलंय हो?" आणि एवढा वेळ हसत असलेल्या ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला एक खोली हवी. डोळे आहेत तोवर हवी."

मामा हळूच मशीनमागे गेले.

साहेब मातीच्या ढिगावर बसले. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं."

ही गोष्ट त्यांनी कधी उच्चारली नव्हती. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर पुढे सोडावं लागलं, हे ताईंना ठाऊक होतं. पण कसं, ते आज कळलं. वडिलांनी खाणीच्या भरावावर घर घातलं होतं, कुणाला न विचारता, मोठ्या हौसेने. वर्षाच्या आत भिंतीला तडा गेला. कुणीतरी सांगितलं, तड्यावर कागदाची पट्टी चिकटवा. पट्टी फाटली तर समजा भिंत अजून हलतेय. वडील खळ लावून पट्टी चिकटवायचे. आणि हा लहान मुलगा रोज सकाळी डोळे उघडले की आधी ती पट्टी बघायचा.

"ती फाटलेली असायची," साहेब म्हणाले. "बाबा नवी पट्टी कापायचे आणि खळ करायला बसायचे. लोकांच्या घराचं मी बेधडक सांगतो. कारण मला माहीत असतं, मी बरोबर आहे. पण आपलं म्हटलं की मला ती पट्टीच दिसते."

ताई त्यांच्याशेजारी बसल्या, त्याच ढिगावर. साडीला चिखल लागला तर लागला. त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "तेव्हा बाबांना सांगायला कुणी होतं का?"

"नाही."

"मला आहे की. मग सांगा ना. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर काय सांगितलं असतंत? 'नको' सोडून."

साहेबांनी खाली वाकून एक काटकी उचलली. मातीवर रेघ ओढली. "सांगितलं असतं... घराचं वजन काळ्या मातीवर टाकूच नका. खांब थेट खडकापर्यंत न्या. इकडचे आखूड, तिकडचे लांब. सगळ्यांची डोकी एका पातळीत आणा, त्यावर तुळया टाका आणि घर त्यांवर ठेवा. जमिनीच्या आत पाय लहानमोठे, वर घर सरळ."

ताई काटकीकडे बघत होत्या. "म्हणजे आपल्या पोस्टमनची पँट."

"काय?"

"अहो, तो लंगडा पोस्टमन नाही का, त्याचा एक पाय आखूड. त्याची पँट मीच शिवते. एक पाय आखूड, एक लांब, पण कंबर एका रेषेत. घालून उभा राहिला की कुणाला कळतसुद्धा नाही. आजवर एकदा तक्रार घेऊन आला नाही बापडा."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग काटकीकडे. मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग असे हसले की मशीनमागून मामा धावत आले, साहेबांना काय झालं म्हणून.

"पोस्टमनची पँट!" साहेब डोळे पुसत म्हणाले. "उभा जन्म गेला, इतकं सोपं करून मला कुणाला सांगता आलं नाही."

"मग?" ताईंचा जीव अजून टांगलेलाच होता. "शनिवारी त्या माणसाला काय सांगू?"

साहेब उठले आणि मातीचे नमुने पिशव्यांत भरू लागले. काम आवरून मामा खडू घेऊन पिशव्यांपाशी बसले. प्रत्येक पिशवीवर गिऱ्हाइकाचं किंवा जागेचं नाव घालायची ऑफिसची पद्धत होती.

"साहेब, ह्यांवर काय लिहू? वहिनींचं नाव घालू की पाण्याच्या टाकीमागे म्हणू?"

साहेब पाठमोरे होते. दोर गुंडाळत होते.

"घर लिहा," ते म्हणाले.

मामांनी एकदा ताईंकडे पाहिलं आणि मोठ्या ठसठशीत अक्षरात, एकेका पिशवीवर, सावकाश लिहिलं. ताईंनी सगळ्या पिशव्या वाचल्या. एकच शब्द होता, तरी त्यांनी प्रत्येक वाचली.

पुढचं सगळं भराभर झालं. शनिवारी त्या माणसाला होकार गेला. लेक ऐकून फोनवर किंचाळली. नकाशा झाला, साहेबांनी तो इतक्या वेळा खोडला की नकाशावाला घरी चहाला यायचा बंद झाला. आणि एका रविवारी, जुन्या सवयीने डबा आणि चादर घेऊन, दोघं जागेवर आली. या वेळी सोबत फक्कीची गोणी होती. खांब कुठे, भिंती कुठे, ते जमिनीवर पांढऱ्या भुकटीने आखायचं होतं.

साहेबांनी दोरी धरली, ताईंनी मुठीने फक्की सोडली. कापडावर खडूने रेघ मारणाऱ्या हाताला ते काय अवघड! पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं, आणि उत्तरेच्या अंगाला शिवणाची खोली. दारांसाठी जागा मोकळ्या सोडल्या. ताई शिवणाच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. चहूबाजूंनी उघडं आभाळ होतं, तरी त्यांनी खिडकीपाशी जाऊन बाहेर पाहिलं. मग खाली बसून, मशीनवर बसल्यासारखे, पाय हलवून बघितले. कुणाला वाट द्यायला उठावं लागत नव्हतं.

साहेब पाण्याची बाटली आणायला रस्त्यापर्यंत गेले होते. परत येताना त्यांच्यासमोर सगळी मोकळी जमीन होती, कुठूनही चार पावलांत आत येता आलं असतं. हीच जमीन त्यांनी बुटांनी तुडवली होती, भोकं पाडून तिची चाळणी केली होती. पण ते फक्कीच्या रेघेला वळसा घालून पुढच्या बाजूला गेले, दाराशी थांबले, बूट काढून बाहेर जोडीने ठेवले, आणि अनवाणी आत आले. आपण काही विशेष केलं असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. ताईंनी ते पाहिलं. मग त्यांना आठवलं की आपण चपला घालूनच हिंडतोय. त्या लगबगीने दाराशी गेल्या आणि त्यांनी आपल्या चपला बुटांशेजारी काढल्या.

"बाबांना दाखवायला हवं होतं," साहेब म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या, आणि चादर पुढच्या खोलीत अंथरली.

तेवढ्यात तिकडून हाक आली. मशीनवाले मामा सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बघायला आले होते, पायांत तेच चिखलाचे बूट. लांबूनच हात हलवत, हसत, ते तडक शिवणाच्या खोलीच्या दिशेने निघाले. पहिलं पाऊल पांढऱ्या रेघेवर पडणार, एवढ्यात साहेब ताडकन उठले.

"अहो मामा! भिंतीतून काय येताय? डोळे फुटले का? दार तिकडे आहे!"

मामा एक पाय वर धरून जागच्या जागी थिजले. त्यांनी खाली रेघेकडे पाहिलं, समोर साहेबांकडे पाहिलं. मग तो पाय हळूच मागे घेतला, सगळ्या घराला वळसा घालून दाराशी आले, आणि वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.